फास्टर फेणे पोरांच्या गळी कसा उतरवायचा (आणि मग बाकीचे भा. रा. भागवत)

आमच्या ओळखीतल्या एका घरी मागच्या दिवाळीत फास्टर फेणेचा अख्खा वीस पुस्तकांचा संच आला. आजोबांनी नऊ वर्षांच्या नातवाला भेट दिला, फोटोबिटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, आणि मग ती सगळी चळत जी कपाटावर गेली ती गणपती आले तरी खाली उतरली नव्हती. मी त्या पोराला हळूच विचारलं, का रे वाचत नाहीस, तर म्हणाला, "मावशी, किती आहेत ती!" मला तर एकदम पटलं. आपल्याला कुणी वीस डबे श्रीखंड एकदम पुढ्यात ठेवले तर आपण तरी खाऊ का?

तर हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथे पुस्तकं आहेत पण वाचली जात नाहीत, किंवा आईबाबांना स्वतःला लहानपणी फेणे जाम आवडायचा आणि आता पोरगं ढुंकून बघत नाही म्हणून वाईट वाटतंय. मी काही शिक्षिका वगैरे नाही. दोन पोरं घरची आणि सोसायटीतली पाचसहा, एवढ्यावर गेली चार वर्षं जे प्रयोग केले त्यातलं जे चाललं ते सांगते, आणि जे फसलं तेही.

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, अंगाने काडी, सायकल मारणार सुसाट, आणि डोक्यात काही लखकन चमकलं की तोंडाने आवाज काढणार, "ट्टॉक!" संकटं याच्या मागे लागतात की हा संकटांच्या मागे लागतो ते सांगणं अवघड आहे. त्याला जन्माला घातला भास्कर रामचंद्र भागवतांनी. ते स्वतः १९१० साली इंदूरला जन्मले, २००१ मध्ये गेले, आणि मधल्या काळात मुलांसाठी इतकं लिहिलं की यादी करायला बसलं तर संध्याकाळ जाईल. त्यांच्या बायको लीलावती भागवत, त्याही मुलांसाठी लिहायच्या, आकाशवाणीवरच्या वनिता मंडळामुळे घराघरात माहीत होत्या, आणि दोघांनी मिळून 'बालमित्र' नावाचं मुलांचं मासिक चालवलं. म्हणजे घरात सकाळ-संध्याकाळ हाच उद्योग.

आता कामाचं.

सगळ्यात आधी संच फोडायचा. एक पुस्तक बाहेर, एकोणीस लपवायची, आणि हे खरोखर लपवायची म्हणतेय मी, गादीखालच्या कप्प्यात, माळ्यावर, कुठेही. एक संपलं की दुसरं "अरे हे सापडलं बघ" म्हणून बाहेर काढायचं. पुस्तकं बारीक आहेत, एक आठवड्यात आरामात होतं. आणि हो, एक ते वीस असा क्रम लावून बसू नका, अभ्यासक्रम नाहीये तो. फेणे काही दर पुस्तकात मोठा होत जात नाही, कुठूनही उचललं तरी चालतं. मी आपलं 'फुरसुंगीचा फास्टर फेणे'पासून करते कारण नावातच मजा आहे, पण पोराचं मन कुठे आहे ते बघून ठरवलेलं बरं. नुकतेच महाबळेश्वरला जाऊन प्रतापगड चढून आला असाल आणि पायाचे तुकडे पडलेत अशी तक्रार अजून चालू असेल तर 'प्रतापगडावर फास्टर फेणे' काढायचं. काश्मीरची ट्रिप झाली किंवा ठरतेय तर 'फास्टर फेणेची काश्मिरी करामत' किंवा 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे'. विमानाचं वेड असेल तर 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'. जागा ओळखीची असली की पोरं पहिल्या दहा पानांत पळून जात नाहीत, आणि खरा प्रश्न पहिल्या दहा पानांचाच असतो, नंतर तो फेणे बघून घेतो.

पुस्तक उघडायच्या आधी नावं मोठ्याने म्हणायला लावा. फुरसुंगीचा फास्टर फेणे. म्हणा पाच वेळा भरभर. आमच्याकडे याच्यावर स्पर्धा झाली होती आणि सगळ्यांच्या तोंडातून नुसती फुंकर बाहेर पडत होती, तीन फ एकापाठोपाठ. काश्मिरी करामत, तिथे क. जवानमर्द काय, बालबहाद्दर काय, पोवाड्यात शोभावे असले शब्द आणि ते कुणाला लावलेत तर वारा आला तर उडून जाईल अशा पोराला. भागवतांचा विनोद असा आहे, तो बराचसा शब्दांच्या आवाजात असतो, नुसत्या गोष्टीत नसतो. म्हणूनच माझं ठाम मत झालंय की हा लेखक मुलाच्या हातात देऊन "वाच" म्हणायचा नाहीच, निदान सुरुवातीला तरी. तो ऐकवायचा. इंग्रजी शाळेतली आपली पोरं मराठी वाचतात ती अक्षर जुळवत जुळवत वाचतात, जोडाक्षर आलं की गाडी थांबते, आणि ज्या वाक्याला वेगात हसायचं ते वाक्य असं रखडत वाचलं की विनोद तिथेच मेला. त्यात नाव काय तर फास्टर!

तर मोठ्याने वाचायचं. वीस मिनिटं, झोपायच्या आधी, रोज. वीसच. मी सुरुवातीला उत्साहात तासभर वाचायचे, घसा बसला आणि चौथ्या दिवशी मीच टाळाटाळ करायला लागले.

आवाज बदलता येत नाही म्हणून लाजू नका, मलाही येत नाही, माझा गुंड आणि माझे मास्तर सारखेच बोलतात. एक गोष्ट मात्र शिकून घ्यावीच लागते, ती म्हणजे ट्टॉक. ते "टॉक" असं वाचून टाकलंत तर सगळं पाण्यात. जिभेचं टोक वर टाळ्याला घट्ट चिकटवायचं, तोंडातली हवा आत ओढल्यासारखी करायची आणि जीभ फटकन खाली सोडायची. ओठ जरा गोल ठेवले तर आवाज घुमतो, ओठ ताणले तर नुसतं च्यक् होतं, आणि ते च्यक् आपण कुणाची कीव करताना काढतो तसलं वाटतं, फेणेचं नाही वाटत. आमच्याकडे पहिल्या दिवशी अर्धा तास नुसतं हेच चाललं होतं. धाकट्याला जमेना, थोरलीला लगेच जमलं म्हणून धाकटा रडला, आणि सासूबाई आतून आल्या, म्हणाल्या आमच्या लहानपणी असं करायचो, बघ, आणि त्यांनी असा काही झटका दिला की कवळीच निसटली. त्या दिवशी एक ओळ वाचून झाली नाही पण दुसऱ्या दिवशी पोरं स्वतःहून साडेआठला गादीवर बसून होती.

यातली एक युक्ती, जी मला फार उशिरा सुचली: ट्टॉक आपण करायचा नाही. पोराला द्यायचा. आपण वाचत जायचं, ट्टॉक आला की थांबून बोट दाखवायचं आणि आवाज त्याने काढायचा. याचा फायदा असा की पोरगं पुस्तकात डोळे घालून बसतं, पुढच्या पानावर ट्टॉक कुठे आहे ते आधीच शोधून ठेवतं, आणि शोधता शोधता चार ओळी वाचून टाकतं ते त्याचं त्यालाही कळत नाही. चारपाच पोरं असतील तर वाटून द्या नाहीतर मारामाऱ्या होतात.

आता थांबायचं कुठे. प्रकरण संपलं की थांबू नका, प्रकरणाच्या शेवटी सगळेच थांबतात. मधे थांबा. ऐन पाठलागात, सायकल उतारावर सुटलीये आणि पुढे काय आहे ते वाक्य पान उलटल्यावर आहे, तिथे खूण घालायची, पुस्तक मिटायचं, "चला, उद्या." ओरडाआरडा होईल, होऊ द्या. दिवा घालवायचा, पुस्तक मात्र पोराच्या हाताला लागेल असं ठेवायचं. साधारण दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मला सकाळी दिसलं की मी घातलेली बसच्या तिकिटाची खूण चौदा पानं पुढे गेली होती, आणि उशाखाली टॉर्च. मी काहीही बोलले नाही. रात्री जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा वाचायला घेतलं, आणि पोरगं पुढचं सगळं माहीत असून अगदी भोळ्या चेहऱ्याने ऐकत होतं, फक्त ट्टॉक जरा आधीच काढत होतं. तुमच्याकडे असं झालं तर कृपा करून "अरे वा, स्वतः वाचलंस, शाब्बास" असं करू नका. शाब्बास म्हटलं की तो अभ्यास झाला.

अभ्यासावरून आठवलं, माझी सगळ्यात मोठी चूक. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी एक छान वही केली होती, कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, आठवड्याला दहा. पंधरा दिवसांत पोरांनी फेणेचं नाव काढणं सोडलं, आणि त्यांचं बरोबर होतं. वही रद्दीत घातली तेव्हा परत गाडी सुरू झाली. आता नियम एकच, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर पुढे जायचं. साठ-सत्तरच्या दशकातली भाषा आहे, तार येते, ट्रंककॉल लागतो, टांगा असतो, घरात एक फोन असला तर तो शेजाऱ्यांचाही असतो. पोरं यातलं अर्धं संदर्भाने लावतात, उरलेलं सोडून देतात, आणि काही अडत नाही. आपणही लहानपणी इंग्लिश गोष्टींतले स्कोन आणि मार्मलेड काय कळून वाचले होते का?

ट्रंककॉलचं मात्र विचारलंच धाकट्याने. मी सांगितलं की एक्स्चेंजला फोन करायचा, नंबर द्यायचा आणि मग बसून राहायचं, ते जोडून देतील तेव्हा बोलायचं. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग त्याने लोकेशन का नाही पाठवलं?" यावर आमच्याकडे एक खेळच निघाला. प्रत्येक गोष्टीत विचारायचं की फेणेच्या खिशात मोबाईल असता तर ही गोष्ट कितव्या पानावर संपली असती. उत्तरं भारी येतात. कुणी म्हणतं तिसऱ्या पानावर, कुणी म्हणतं नाही, चार्जिंग संपलं असतं, कुणी म्हणतं चोरांकडेही मोबाईल असता ना मग. माझी थोरली एकदा म्हणाली की मोबाईल असता तर फेणे सायकलवर गेलाच नसता, घरी बसून बघत बसला असता. मी गप्प बसले, म्हटलं स्वतःच बोललीस ते बरं झालं.

जुन्या पुस्तकांचं एक दुखणं आहे ते लपवत नाही. धावाधाव, मारामाऱ्या, अक्कल लढवणं, जवळजवळ सगळं पोरग्यांच्या वाट्याला. मुली आहेत, पण पुढे फेणे आणि मागे त्या. माझ्या भाचीने तिसऱ्या पुस्तकाला विचारलंच, की मुली काय फक्त चहा करतात का. मी त्यावर भाषण दिलं नाही, म्हटलं हो गं, त्या वेळी असंच लिहायचे बरेच जण, तुला काय वाटतं, ती सायकल तू चालवली असतीस तर? त्यानंतर खाली पार्किंगमध्ये जो फेणेचा खेळ सुरू झाला त्यात फेणे तीच असते, आणि सोसायटीतला एक ढोल्या मुलगा कायम गुंड. दुसरं दुखणं म्हणजे ही पोरं एकटीदुकटी कुठेही जातात, चोरांच्या मागे काय, जंगलात काय. आमच्याकडे ते स्पष्ट सांगून टाकलंय की चोर दिसला तर आधी वॉचमनकाकांना सांगायचं, मग ट्टॉक करायचं.

मधे एकदा पोरांच्या हट्टाखातर फुरसुंगीला पण गेलो होतो. पुण्याच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटर, हडपसरच्या पुढे. तुम्ही जाणार असाल तर मन घट्ट करून जा. फेणेचं गाव म्हणून जे डोक्यात असतं, शेतं, मळे, धुळीचा रस्ता, त्यातलं आता शोधावं लागतं. टॉवर आहेत, ट्रॅफिक आहे, आणि वर्षानुवर्षं पेपरात नाव आलं ते कचरा डेपोच्या भांडणापायी. धाकटा गाडीतून उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "फेणे इथून पुण्याला गेला ते बरोबरच केलं." मग रस्त्याकडेला कांदे घेतले, फुरसुंगीचा कांदा शेतकऱ्यांत नावाजलेला आहे, आणि घरी आलो. त्या कांद्याची भजी केली तर पोरांनी त्यांचं नाव फास्टर भजी ठेवलं, कारण ती फार फास्ट संपली. एवढंच, पण पुस्तकातलं गाव खरं असतं, तिथले कांदे घरी आणून तळता येतात, हे पोरांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

सगळ्या पोरांना फेणे चालेलच असं मात्र नाही. काही पोरं मुळात धावणारी नसतात. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारी, हाक मारली तर ऐकू न येणारी, जेवताना डाव्या हातात पुस्तक धरणारी. त्यांच्यासाठी भागवतांनी दुसरा हिरो करून ठेवलाय, बिपिन बुकलवार. नाव बघा ना, बुकवाला पण आणि बुकलणारा पण, एका आडनावात दोन्ही कामं. हा पुस्तकातला किडा आहे, आणि वाचलेलं डोक्यात घेऊनच साहसात पडतो. माझ्या मते वाचणाऱ्या मुलाला "मैदानावर जा जरा" असं सतत ऐकावं लागतं, त्याला बिपिन भेटला की फार बरं वाटतं. फेणेइतकी प्रसिद्धी बिपिनला मिळाली नाही याचं मला जरा वाईटच वाटतं.

फेणे पचला की मग बाकीचं रान मोकळं. 'भुताळी जहाज', 'ब्रह्मदेशातला खजिना', 'तैमूरलंगाचा भाला', ही नुसती नावं वाचून दाखवायची आणि पोराला निवडू द्यायचं. 'उडती छबकडी' हे तर मला नाव म्हणून इतकं आवडतं की काय सांगू, उडत्या तबकडीतला एकच त काढून तिथे छ बसवला आणि झालं, आकाशातून येणारी भयानक गोष्ट एकदम लाडाची झाली.

आणि मग व्हर्न. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाला मराठी पोरांच्या घरात आणून बसवायचं मोठं काम भागवतांनी केलं. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. हे साधारण दहा-अकराव्या वर्षी द्यायचं, आधी नको, कारण यात शास्त्राची माहिती येते आणि वेग फेणेइतका नसतो. इथेही नावापासून सुरुवात. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू, ज्याला शेंडी आहे असं नक्षत्र. आणि त्याच्या मागे काय लावलंय तर मुक्काम! जसं आपण पत्रावर लिहायचो, मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, तालुका खटाव. मूळ कादंबरीत एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो, म्हणजे ही माणसं आता खरंच तिथे राहायला गेलीत, पत्ताच बदललाय त्यांचा. ते सगळं त्या एका मुक्कामात आलं. भाषांतर करताना माणूस असा हसत बसलेला असला पाहिजे खुर्चीत, असं मला आपलं वाटतं.

व्हर्न वाचताना पोरांना धरून ठेवायला मी दोनतीन गोष्टी राखून ठेवते आणि बरोबर वेळेला टाकते. चंद्राच्या पुस्तकाला: व्हर्नने हे १८६५ मध्ये लिहिलं, त्यात तीन माणसं अमेरिकेतल्या फ्लोरिडातून मोठ्या तोफेतून चंद्राकडे उडतात, आणि १९६९ मध्ये अपोलो ११ मधून खरोखर तीन माणसं गेली तीही फ्लोरिडातूनच. त्या तोफेचं नाव कोलंबियाड आणि अपोलोच्या यानाचं नाव कोलंबिया. हे सांगितलं की दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग कुणीतरी विचारतंच की तोफेतून उडवलं तर माणूस मरणार नाही का. मरणार, जागच्या जागी चटणी होणार, ते व्हर्नचं चुकलंच, आणि ही चूक पोरांना स्वतःला पकडू द्या, त्यांना फार आनंद होतो.

'समुद्रसैतान'साठी माझं राखीव अस्त्र म्हणजे कॅप्टन निमो. पाणबुडी घेऊन जगावर रागावून समुद्राखाली फिरणारा हा माणूस कोण, कुठला, हे त्या कादंबरीत कळतच नाही. ते कळतं व्हर्नच्या एका नंतरच्या कादंबरीत, आणि तिथे निघतं काय तर तो आपला हिंदुस्थानी! बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या बंडात इंग्रजांविरुद्ध लढलेला, घरदार गमावलेला. हे मी पुस्तक संपेपर्यंत सांगत नाही. संपलं की मग सांगते, आणि पोरं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतात की आधी कुठे कळायला हवं होतं का. थोरली तर म्हणाली आता परत वाच. वाचलं, काय करणार.

रॉबिन हुड आणि शेरलॉक होम्सही भागवतांनी मराठीत आणलेत. होम्स जरा उशिराच दिलेला बरा, खूनबिन आहेत.

सिनेमाचं काय, हे सगळेच विचारतात. २०१७ चा 'फास्टर फेणे' सिनेमा चांगलाच आहे, अमेय वाघ फेणे झालाय, आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झालेत ते बघायला गोड वाटतं. पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची गोष्ट आहे, आणि गिरीश कुलकर्णींचा तो अप्पा लहान पोरांना रात्री झोपू देणार नाही असा आहे. बारा-तेराच्या पुढच्यांना दाखवा. आणि आधी पुस्तक मग सिनेमा, उलटं केलंत तर पोराच्या डोक्यात फेणेचा चेहरा पक्का होऊन बसतो आणि तो स्वतःला फेणे समजत नाही मग. आमच्या पिढीचं तसंच झालंय म्हणा, दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे होता, तो मला अजून कुठल्या नाटकात दिसला तरी मी मनात ट्टॉक करते.

परदेशातल्यांसाठी वेगळं थोडं. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिची मुलगी मराठी समजते, बोलते मोडकंतोडकं, वाचायचं म्हटलं की पोटात दुखतं. तिथल्या मराठी शाळेत रविवारी जाते पण ते बाराखडी आणि गणपतीची आरती इतपत. तर आम्ही असं करतो की शनिवारी त्यांची सकाळ आणि आमची संध्याकाळ गाठून व्हिडिओ कॉलवर मी वाचते, एक प्रत माझ्याकडे आणि तेच पुस्तक तिच्या हातात, ती बोट फिरवते. आवाज ऐकत अक्षर बघितलं की जोडाक्षरं आपोआप ओळखीची होतात. कॉल जमला नाही त्या आठवड्यात मी फोनवर रेकॉर्ड करून पाठवते, दहा मिनिटांचे तुकडे, आणि ट्टॉकच्या जागी गप्प राहते. ती ट्टॉक रेकॉर्ड करून परत पाठवते. माझ्या फोनमध्ये आता नुसत्या ट्टॉकच्या चाळीसएक फाईली आहेत, स्टोरेज भरलं म्हणून नवऱ्याने विचारलं हे काय आहे, डिलीट करू का, तर नाही करू दिलं.

शेवटी पुस्तकं मिळवायची कुठून. फेणेचा संच उत्कर्ष प्रकाशनाचा आहे, नवा मिळतो, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारा. भागवतांची बाकीची पुस्तकं सगळी एका जागी एका वेळी मिळतीलच असं नाही, त्यासाठी जुनी ग्रंथालयं धुंडाळा, बालविभागात मागच्या कपाटात असतात, आणि ग्रंथपाल साठीच्या पुढचे असतील तर नुसतं भा. रा. भागवत म्हटल्यावर स्वतः उठून काढून देतात असा माझा अनुभव आहे. जुनी घेताना कसर लागलेली, बाइंडिंग सुटलेली चालतील, पण पैसे द्यायच्या आधी शेवटचं पान आहे का ते उघडून बघायचंच बघायचं. मी एकदा फुटपाथवरून चाळीस रुपयांत एक घेतलं आणि हे बघितलं नाही. आठ दिवस वाचलं, नवव्या रात्री ऐन घोळात पान उलटलं तर थेट मागचं कव्हर. सहा पोरं माझ्याकडे बघतायत. मी थापा मारून शेवट केला, गुंड विहिरीत पडला वगैरे, तर धाकटा म्हणाला हे भागवतांनी नाही लिहिलेलं, यात ट्टॉक नाहीये.